बिडाचा तवा आणि मियाटाचे ब्रेक

नवा बिडाचा तवा आणला की आई त्यावर लगेच घावन घालायची नाही. आधी तवा घासायची, मग अर्ध्या कांद्याने तेल फिरवून तापवायची, निवू द्यायची, पुन्हा तेल, पुन्हा आच. दोन-तीन दिवसांनी तव्याला काळसर तकाकी यायची आणि पहिलं घावन अलगद सुटायचं. घाई केली की घावन तव्याला चिकटायचं, आणि ते खरवडताना तव्याची जी वाट लागायची ती लागायचीच.

गाडीची ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, तीही बिडाचीच असते. तिला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे पॅड नवे लावले की तिच्याशी जवळपास हेच करायचं असतं. इंग्रजीत याला बेड-इन म्हणतात. मी ‘मुरवणं’ म्हणतो, कारण काम तेच आहे.

मी उत्तर कॅलिफोर्नियात राहतो. गाडी १९९२ची माझदा मियाटा, म्हणजेच एमएक्स-५: १.६ लिटर इंजिन, मागच्या चाकांना जोर, वजन जेमतेम एक टन. हे मॉडेल १९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा दिसलं आणि आजही इथे रेसच्या ट्रॅकवर शिकणाऱ्यांच्या हातात हीच गाडी सगळ्यात जास्त दिसते. स्वस्त, हलकी, आणि घरच्या गॅरेजमध्ये उघडता येईल इतकी सरळ. पुढचं सगळं या गाडीच्या अनुभवातून लिहितोय. तुमची गाडी दुसरी असेल तर पान्याचे आकार बदलतील, विचार बदलणार नाही.

पॅडच गेलेत ना, ते आधी बघा

आपल्याकडे गॅरेजवाले पॅड आणि ड्रम ब्रेकमधले शू दोघांनाही सरसकट ‘लायनर’ म्हणतात आणि ब्रेक लागत नाही म्हटलं की लायनर बदलून देतात. बऱ्याचदा रोग दुसराच असतो.

पॅड म्हणजे लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला घर्षणाचा मसाला. नव्या पॅडवर हा मसाला साधारण १० मिमी असतो. ३ मिमीवर आला की बदलायचा. ट्रॅकवर जाणार असाल तर मी ५ मिमीलाच काढतो, कारण पातळ पॅड उष्णता अडवत नाही, थेट पॅड ढकलणाऱ्या पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे पाठवतो. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड बघा. चाकाच्या फटीतून फक्त बाहेरचा दिसतो, आणि कॅलिपरची, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची, पिन अडकली असेल तर झिजलेला असतो नेमका आतला.

आता महत्त्वाचं. जोरात चालवताना ब्रेक ‘गेला’ असं वाटलं तर पायाला काय जाणवलं ते आठवा. पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही? मग पॅड त्यांच्या ताकदीबाहेर तापले. पेडल मऊ पडून खालीच गेलं? मग ऑइल उकळलं आणि पाइपात वाफ झाली. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पाय रिकामा खाली जातो. या दुसऱ्या दुखण्यावर जगातले सगळ्यात महाग पॅड लावले तरी उपयोग नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळायला हवं असा नियम आहे, पण पाणी मुरलेल्या डॉट ४साठी तोच आकडा १५५वर येतो. तीन वर्षं जुन्या ऑइलवर ट्रॅकला जाणारे लोक मी पाहिलेत. पॅडच्या आधी ऑइल बदला. डॉट ५ मात्र टाकू नका, ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. ५.१ चालतं.

पॅड निवडणं म्हणजे तापमान निवडणं

ब्रेक गाडीचा वेग खातो आणि उष्णता ओकतो. ताशी ६० मैलांवरून, म्हणजे साधारण ९७ किमीवरून, माझी गाडी माझ्यासकट पूर्ण थांबवली तर तेवढ्या उष्णतेत लिटरभर पाण्याला उकळी फुटेल. आणि वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. इथल्या लागुना सेका ट्रॅकच्या सरळ रस्त्यावरून दुसऱ्या वळणावर, ज्याला अँड्रेटी हेअरपिन म्हणतात, ताशी ९५ मैलांवरून ४०वर यायचं तर दोन लिटरांहून जास्त पाणी उकळेल इतकी उष्णता काही सेकंदांत चार डिस्कवर पडते. त्यातली बरीचशी पुढच्या दोनांवर, कारण ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं. आणि या गाडीच्या पुढच्या डिस्क फक्त २३५ मिमीच्या, जेवणाच्या ताटाहूनही लहान. दोन मिनिटांनी तेच वळण पुन्हा येतं.

ऑफिसला जाताना मात्र डिस्क हाताला चटका देईल इतपतच तापते. हे दोन वेगवेगळे संसार आहेत आणि दोन्हीकडे सारखाच छान चालणारा पॅड अजून कुणी बनवलेला नाही. दुकानदार काहीही सांगो.

रस्त्याचे साधे पॅड, म्हणजे ऑरगॅनिक किंवा सिरॅमिक, थंडीतही पहिल्या दाबाला पकडतात, आवाज करत नाहीत, चाकं काळी करत नाहीत. साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे त्यांची पकड ढासळते. ट्रॅकचे पॅड याच्या उलट. त्यांचा संसार चांगलं तापल्यावर सुरू होतो, सातशेलाही ते शांत असतात, पण सकाळी सोसायटीच्या गेटवर ब्रेक दाबला तर आधी काहीच होत नाही, मग किंचाळतात. त्यांची भुकटी चाकावर पडून पावसात भिजली की गंजाचे डाग रंगात बसतात. मधला वर्ग रस्ता अधिक अधूनमधून ट्रॅक असणाऱ्यांसाठी: फेरोडोचा डीएस २५००, हॉकचा एचपी प्लस, ईबीसीचा यलोस्टफ. त्यातला एचपी प्लस पकडतो छान, पण बसच्या ब्रेकसारखा ओरडतो आणि चाकं दोन दिवसांत काळी करतो. शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तरच घ्या.

नवख्या माणसाची ठरलेली चूक म्हणजे ‘सगळ्यात भारी’ पॅड घेणं. गाडी नव्वद टक्के वेळ ऑफिस-घर करत असेल तर रेसचा पॅड हा साध्या पॅडपेक्षा धोकादायक आहे, कारण तुम्हाला लागेल तेव्हा तो थंड असेल. स्वतःला खरं विचारा: वर्षात ट्रॅकचे दिवस किती? एकही नाही, नुसते डोंगरातले रस्ते? मग चांगल्या कंपनीचा रस्त्याचा पॅड आणि ताजं ऑइल पुरे. एक-दोन दिवस? मधला वर्ग. चार-पाचच्या वर? मग दोन संच ठेवा, एक रस्त्याचा, एक ट्रॅकचा, आणि जाण्याच्या आधी बदला. मियाटावर चारही चाकांचे पॅड बदलायला सराव झाल्यावर दीड तास लागतो. मी हेच करतो.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी घाट विसरू नये. लहानपणी कुंभार्ली घाटातून एसटीने खाली उतरताना तळाशी येणारा जळका वास अनेकांना आठवत असेल. उतारावर सतत हलका पाय ठेवून राहिलं की पॅड निवायला सवडच मिळत नाही. त्यावर औषध भारी पॅड नाही, खालचा गिअर आहे. आणि कोकणातल्या पावसात थंड, ओल्या डिस्कवर ट्रॅकचा पॅड लावून फिरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकला जाणार असाल तर पॅड तिथे जाऊन बदला.

एक गोष्ट अजून. मागच्या चाकांना पुढच्यांपेक्षा जास्त पकडीचा पॅड कधीही लावायचा नाही. मागची चाकं आधी लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबून घसरू लागली, की गाडी शेपूट पुढे आणते. चारही एकाच मसाल्याचे, किंवा पुढे एक पायरी जास्त पकडीचे. मियाटावाल्यांत कार्बोटेकचे पुढे एक्सपी १० आणि मागे एक्सपी ८ ही जोडी लोकप्रिय आहे ती याच हिशोबाने. एकाच बाजूचा पॅड बदलायचा नाही, हे सांगायला नकोच.

पॅडच्या कडेवर काय लिहिलंय

पॅड हातात आला की त्याची कड वाचा. कंपनीच्या नंबरानंतर दोन अक्षरं असतात: ईएफ, एफएफ, जीजी वगैरे. पहिलं अक्षर पॅड बेताचा तापलेला असतानाच्या घर्षणाचं, दुसरं चांगला तापल्यानंतरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर जास्त घर्षणाचं आणि दुसरं कमी घर्षणाचं असेल तर तापल्यावर तो पॅड ढिला पडणार. हा कोड पॅडची प्रत सांगत नाही, किती तापमान झेपेल तेही सांगत नाही. पण बेनामी डब्यातला पॅड ईई निघाला तर परत करायला तेवढं पुरतं.

इथे कॅलिफोर्नियात त्याच कडेवर ए, बी किंवा एन असंही एक अक्षर दिसेल. ते तांब्याचं आहे. ब्रेकच्या भुकटीतलं तांबं पावसाच्या पाण्यातून ओढ्यांत जातं आणि सामन माशांना बाधतं, म्हणून २०१०च्या कायद्याने पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं. २०२१पासून ५ टक्के आणि २०२५पासून ०.५ टक्के ही मर्यादा. एन म्हणजे जवळपास तांबंमुक्त. त्यामुळे जुन्या लेखांत नावाजलेला एखादा पॅड आज त्याच नावाने पण वेगळ्या मसाल्याचा असू शकतो. दहा वर्षांपूर्वीच्या शिफारशी डोळे झाकून घेऊ नका.

बसवताना

गाडी सपाट जागी, एक चाक ठोकळ्याने अडवलेलं, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल केलेले, मग जॅक आणि जॅकखेरीज स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही.

पुढचं सोपं आहे. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की तो वरच्या पिनेवर वर फिरतो आणि पॅड बाहेर येतात. पॅडच्या बारीक तारेच्या स्प्रिंगा कुठे, कशा बसल्या होत्या त्याचा आधी फोटो काढा. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लँपने पिस्टन हळूहळू आत ढकला. हे करताना बॉनेटखाली ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवा. ऑइल मागे येऊन वर चढतं, सांडलं की रंग खातं.

मागे मात्र नवखे हमखास अडतात. मियाटाचा हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच आहे, त्यामुळे पिस्टन क्लँपने दाबून आत जात नाही, आणि जोर केलात तर आतली यंत्रणा मोडते. आधी हँडब्रेक सोडा. कॅलिपरच्या पाठीमागे एक प्लगसारखा बोल्ट आहे, तो काढा. आत ४ मिमीची ॲलन की बसते. ती घड्याळाच्या उलट फिरवली की पिस्टन आपोआप मागे सरकतो. नवे पॅड बसल्यावर उलट दिशेने, पॅड डिस्कला टेकेपर्यंत फिरवा, मग एक तृतीयांश फेरा मागे घ्या. प्लग परत लावा. पहिल्या वेळी हा प्लग शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली होती.

भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवू नका. ब्रेक क्लीनर मारून पुसा, मास्क लावा. पिना साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस, पण अगदी बोटभर. मसाल्याला किंवा डिस्कला ग्रीसचं बोट लागता कामा नये. चाकाचे नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटर, टॉर्क पान्याने, चांदणी पद्धतीने, समोरासमोर.

डिस्कचं काय? तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते. मोजून त्याच्या जवळ आली असेल तर नवी घ्या. जाडी ठीक असेल पण पॅडचा मसाला बदलत असाल, तर जुन्या पॅडचा थर काढावाच लागतो. मी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू गोल न घासता आडव्या-तिडव्या घासतो, डिस्क निस्तेज राखाडी दिसेपर्यंत, मग क्लीनर.

आणि गाडी खाली घेतल्यावर, इंजिन चालू करायच्याही आधी, ब्रेकचं पेडल दाबा. दाबतच राहा, ते घट्ट होईपर्यंत. मागे ढकललेले पिस्टन पुन्हा पॅडपर्यंत यायला दहा-बारा दाब लागतात. एकदा मी हे विसरून उतरत्या ड्राइव्हवेतून गाडी मागे घेतली. पेडल थेट फरशीला. हँडब्रेकने वाचलो, कचऱ्याचा डबा नाही वाचला.

मुरवणं

पॅड दोन तऱ्हेने गाडी अडवतो. एक, डिस्कला खरवडून. दुसरं, स्वतःचा अगदी पातळ थर डिस्कवर देऊन. मग मसाल्याला मसाला चिकटतो आणि तुटतो, आणि त्यातून पकड येते. हा थर सगळीकडे सारखा बसवणं हे मुरवण्याचं पहिलं काम. दुसरं काम नव्या पॅडमधलं रेझिन, म्हणजे मसाला धरून ठेवणारा डिंक, एकदा तापवून त्यातला वायू बाहेर काढणं. तसं न करता सरळ ट्रॅकवर गेलात तर तो वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये उशीसारखा बसतो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर कडक पेडल दाबूनही गाडी निसटत राहते.

आधी डब्यातला कागद वाचा. कंपन्यांच्या पद्धती खरोखरच वेगळ्या असतात: काही पॅड शेकडो मैल सौम्य वापरात मुरवायचे असतात, काही कारखान्यातूनच मुरवून येतात. कागद नसेल तर मधल्या वर्गाच्या पॅडसाठी मी हे करतो.

रविवारी सकाळी सहाला, सरळ, रिकामा, मागचं-पुढचं दूरवर दिसणारा रस्ता. हायवे नाही. पहिली दोन-तीन मैलं साधं चालवून ब्रेक कोमट करायचे. मग ताशी ३५ मैलांवरून (५६ किमी) मध्यम दाबाने १० मैलांपर्यंत खाली, असं सहा-सात वेळा, मध्ये अर्धा मिनिट मोकळं चालवत. त्यानंतर ६० मैलांवरून (९७ किमी) १० मैलांपर्यंत आठ ते दहा वेळा, दाब जोरदार, चाक लॉक व्हायच्या अलीकडे. माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही, त्यामुळे ती रेषा पायाने शोधावी लागते. चाक किंचाळलं की किंचित सोडायचं. जिथे वेगमर्यादा ६०ची नाही तिथे ४५वरून करा आणि फेऱ्या वाढवा.

पाचव्या-सहाव्या वेळी वास येतो. गरम गोंद आणि जळका खडू यांच्या मधला. मग पेडल थोडं लांब जातं, पकड किंचित सुटल्यासारखी होते, चाकातून धुराची एखादी रेघही दिसते. घाबरू नका आणि थांबूही नका. आणखी दोन-तीन वेळा केलं की पकड परत येते, आधीपेक्षा जास्त. पायाला तो बदल स्पष्ट कळतो. परत आली नाही तर तिथेच सोडा आणि निवू द्या.

या सगळ्यात गाडी एकदाही पूर्ण थांबवायची नाही. तापलेला पॅड एका जागी डिस्कवर दाबून राहिला की तिथे जाड ठसा उमटतो. म्हणूनच रिकामा रस्ता हवा, सिग्नल नको. शेवटी १० ते १५ मिनिटं ब्रेकला जवळजवळ न शिवता चालवत निववायचं. घरी आल्यावर गाडी गिअरमध्ये, चाकाखाली ठोकळा, हँडब्रेक नाही. पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे तासा-दीड तासाने, हीच मालिका आणखी एकदा. तव्यासारखंच, एका आचेत होत नाही.

मी हे सगळं वाचलेलं असूनही पहिल्या ट्रॅक दिवशी शेवटचा लॅप जोरात मारून थेट पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या लावायच्या जागेत, आलो आणि सवयीने हँडब्रेक ओढला. पाण्याची बाटली उघडली, गप्पा मारल्या. परतीच्या वाटेवर ब्रेक दाबला की मागून धडधड. एका गॅरेजने डिस्क ‘वाकल्या’ म्हणून नव्या घ्यायला सांगितलं. घरी चाक काढलं तर डिस्कवर पॅडच्या आकाराचा निळसर-काळा ठसा, कुणी रबरी शिक्का मारावा तसा. ‘वाकलेल्या’ म्हणवल्या जाणाऱ्या बऱ्याच डिस्क अशाच असतात: वाकलेल्या नाहीत, थर एकसारखा नाही. पॉलिश पेपर आणि दोनदा नव्याने मुरवल्यावर धडधड गेली. फार दिवस तसंच चालवलं असतं तर त्या ठशाखालचं बीड तापून कडक झालं असतं, आणि मग घासूनही जात नाही.

नंतर काय बघायचं

नीट मुरलेली डिस्क सगळीकडे एकसारखी राखाडी-निळसर दिसते. चमकदार पट्टे आणि काळे ढग असतील तर पुन्हा एक मालिका. बोटाने स्पर्श करून तापमान बघायचा मोह आवरा.

ट्रॅकवर जाणार असाल तर डिस्कच्या कडेला तापमानाचे रंग लावा, स्वस्त आहेत. हिरवा ४३० अंशांना पांढुरका पडतो, केशरी ५६०ला, लाल ६१०ला. दिवसाअखेर फक्त हिरवा उडालेला दिसला तर रेसचा पॅड घेण्याची गरज नाही, पैसे टायरवर घाला. तिन्ही उडाले असतील तर मधल्या वर्गाचे पॅड तुम्हाला पुरणार नाहीत, आणि ऑइलही लगेच बदला.

दोन संच वापरत असाल तर काढलेला प्रत्येक पॅड परत त्याच जागी गेला पाहिजे, कारण तो त्याच जागेच्या झिजेप्रमाणे घासला गेलेला असतो. मी पॅडच्या पाठीवर मार्करने लिहितो: ‘पु डा आ’ म्हणजे पुढचा, डावा, आतला. तापल्यावर शाई उडते, म्हणून आता अंड्यांचा रिकामा ट्रे ठेवलाय, आठ खणांवर नावं टाकून.